वासावरची मुंबई

"हिच्या जिभेन माझो झील खाल्ल्यान."

यमुनाबाई हे आपल्या मुलाबद्दल बोलली मागच्या पडवीत बसून, बांगडा मासळीच्या टोपलीवर पाणी शिंपडता शिंपडता. ऐकायला शेजारची गोदूबाई होती. सून विहिरीवर गेलीय अशी दोघींची समजूत. सून कुडाच्या पलीकडे चुलीपाशीच बसली होती, आणि मी पडवीतल्या कोंबडीच्या डालग्यावर. आम्ही दोघांनीही ऐकलं.

"अगो, पण ती तर तोंडातून शब्द काढणा नाय," गोदूबाई म्हणाली.

"तोंड बोलूक नाय उघडणा, खाऊक उघडता. आयतवार इलो की चलली घोवाक घेवन मुंबय खाऊक! माझो सत्या लग्नाआदी आनंदीबायच्या खानावळीत दोन टायम जेवी. भायरचा कायेक तोंडात घाली नाय. ही गेली, आणि वरीस फिराच्या आत तेचा काय झाला ता बघलंस मां?"

कुडापलीकडे फुंकणीचा आवाज थांबला. थोड्या वेळाने परत सुरू झाला. लाकडं ओली होती, असं आपण समजू.

मी घावण्यांचं भिडं बोलतंय. बिडाचं, जाड, काळं, मधे किंचित खोलगट. लोखंडाच्या घराण्यात आमची शाखा जरा तापट. आम्ही वाकत नाही. आपटलं तर तुटतो. माझा जन्म वाळूच्या साच्यात झाला आणि उमेदवारी सावंतवाडीच्या बाजारात एका दुकानाबाहेर पालथं पडून. तिथून पिंगुळीच्या सीताबाईने मला उचललं, बोटाने टिचकी मारली, कानाशी धरलं आणि म्हणाली, "ह्या बोलता." तेव्हापासून मला आपण बोलतो असं वाटत आलंय.

सीताबाईला मी लेकीच्या लग्नासाठी हवं होतं. लेकीचं नाव सुगंधा. भातशेतीवाल्यांची पोर, बोलायची कमी आणि बघायची जास्त. सीताबाईने मला तिच्या हाती दिलं ते नियमांसकट: ह्याच्यावर फक्त घावणे. भाकरी नाही, मासळी तर नाहीच. साबण लावायचा नाही. आणि पहिलं घावण नेहमी चिकटतं, मोडतं. ते माणसांच्या पानात वाढायचं नाही, गाईला घालायचं. पहिल्या घावणावर भिड्याचा राग निघून जातो, म्हणे. राग वगैरे काही नसतो. तापायला वेळ लागतो, इतकंच. पण बायका आपला स्वभाव भांड्यांना लावतात आणि आम्ही तो चालवून घेतो.

सत्तावन्न सालच्या वैशाखात सुगंधा लग्न होऊन मालवणला आली. सासर मासे मारणाऱ्यांचं. सासरे नाना, त्यांची होडी काही वर्षांपूर्वी वादळात खडकावर फुटली, तेव्हापासून ते दुसऱ्यांच्या रापणीवर, किनाऱ्यावरून जाळं ओढायला जात. सासू यमुनाबाई डोक्यावर टोपली घेऊन बाजारात मासे विकी. धाकटा दीर गुणाजी. आणि नवरा सत्यवान, होडी फुटली त्या वर्षीच मुंबईला गेलेला. मस्जिद बंदरला सुक्या मेव्याच्या वखारीत गोणी मोजायचं काम. त्याच्या सदऱ्याला खारकांचा वास यायचा. घर त्याच्यावर चालायचं, हे कोणी बोलून दाखवत नसे. पण त्याच्या नावाचा उल्लेख झाला की यमुनाबाईची मान सरळ व्हायची.

पाऊस सरला, बोटी सुरू झाल्या, आणि सत्यवान बायकोला न्यायला आला. ट्रंकेत गोधडीत गुंडाळून सुगंधा मला ठेवत होती, तर तो म्हणाला, "ह्या धोंड्याक कित्याक व्हरतंस गो? मुंबयत सगळा गावता."

"घावणे गावतत?"

तो डोकं खाजवू लागला. मग म्हणाला, "नाय."

"मगे?"

त्यांच्या संसारातलं पहिलं भांडण तिने असं दोन प्रश्नांत जिंकलं. मी आगबोटीत चढलं.

माझगावला चाळीत एक खोली. त्यात गावचीच आणखी एक जोडी, मधे जुन्या लुगड्याचा पडदा. पडद्याला कान असतात हे आम्हाला पुढे कळलं. इथला प्रत्येक घास मालवणला पोचत होता, मीठमसाला लावून.

मला स्टोव्हवर बसायची सवय नव्हती. चूल आईसारखी सगळीकडून धरते, स्टोव्ह एकाच जागी टोचतो. पहिल्या सकाळी पहिलं घावण चिकटलंच. सुगंधा ते उलथन्यावर घेऊन दाराशी गेली आणि थांबली. चाळीत गाय कुठली?

"गाय खंय बघतंस, माका दी," सत्यवान म्हणाला. "आज गाय मीच."

उभ्या उभ्या, हात भाजत, त्याने ते मोडकं घावण खाल्लं. माझ्यावर राहिलेले तुकडेही खरवडून खाल्ले. मग हा रोजचाच नेम झाला. सुगंधाला वाटायचं, नवरा खादाड आहे. खादाड नवरा मिळाला म्हणून नव्या नवरीला बरंच वाटतं. करून घालायला कोणीतरी हवं ना.

रविवारी तो तिला मुंबई दाखवायला नेई. लोक राणीची बाग दाखवतात, म्हातारीचा बूट दाखवतात. सत्यवानाने दाखवले बाजार. मी बरोबर नसायचं. पण संध्याकाळी मला तेलाचा हात लावताना सुगंधा सगळं हळू आवाजात सांगायची. पडद्यापलीकडे जाऊ नये म्हणून माझ्याशी बोलायची. तिच्या आवाजातच मी मुंबई बघितली.

क्रॉफर्ड मार्केटात म्हणे फळांचे डोंगर करतात, आणि सगळ्यात चांगलं फळ वर ठेवतात. त्याच्याखाली काय असतं ते घरी गेल्यावर कळतं. "अगदी लग्न जुळवतत तसा," सुगंधा मला म्हणाली. सत्यवानाला तिथला कोपरा न् कोपरा ठाऊक. ही केळी वसईची, ही पेअर वरच्या मुलखातली, हा खजूर आमच्या वखारीतून आलेला. भुलेश्वरला कोणाची जिलबी सकाळी गरम असते, भेंडीबाजारात मालपुव्याची कढई केव्हा चढते, कुठल्या इराण्याकडे पाव किती वाजता भट्टीतून निघतो, सगळं तोंडपाठ. एका इराण्याच्या भिंतीवर पाटी होती: आरशासमोर केस विंचरू नयेत, शेटशी वाद घालू नये, चहा पिऊन झोपू नये. सुगंधा म्हणाली, "एवढा सगळा करूचा नाय, मगे माणसान थंय जावचा कित्याक?" सत्यवान म्हणाला, "पाव बघ कसो आसा. बाहेरून कडक, भुतूर कापूस." आणि चहात बुडवून असा खाल्ला की बघणाऱ्यालाही भूक लागावी. पावाच्या बाबतीत तो खोटं बोलत नव्हता. पाव त्याला खरंच ठाऊक होता.

फळवाल्यांपैकी एकाने मात्र विचारलं होतं, "काय मालवणी, आज तरी घेणार का काही? की बायकोलाही नुसतंच दाखवणार?" सत्यवान हसला. सुगंधाने ते वाक्य पदराच्या गाठीत बांधल्यासारखं जपून ठेवलं. तिची ती सवयच.

मग फालुद्याचा रविवार आला. दुकानाच्या काचेबाहेर उभं राहून सत्यवान म्हणाला, "आपले शिरवाळे आसतत मां? तशेच. फक्त रस गुलाबी. गरम गरम देतत." आपल्याकडे तांदळाच्या गरम शेवया नारळाच्या रसात खातात, त्या शिरवाळ्यांची आठवण त्याला व्हावी हे बरोबरच होतं. तिने हट्ट धरला, तेव्हा दोघांत एक पेला घेतला. सत्यवानाने गरम म्हणून फुंकर मारली, मोठा चमचा तोंडात घातला, आणि डोळे पांढरे करून उडालाच. बर्फ! सुगंधा पदर तोंडाशी धरून इतकी हसली की टेबल पुसणारा माणूसही हसू लागला.

"आज तेंचो बरफ जास्त झालो," सत्यवान म्हणाला.

त्या संध्याकाळी मला तेल लावतानाही ती हसत होती.

पुढच्या रविवारी ती हसली नाही. उडप्याच्या हॉटेलात गेले होते. तिथे काचेमागे एक माणूस माझ्या दहापट मोठ्या भावंडावर पाणी मारतो, चक्क झाडूने झाडतो आणि त्यावर पीठ फिरवतो. सत्यवान म्हणाला, "ह्या आपला घावणच. भुतूर कायव नसता, नुसती घडी." डोसा आला. सुगंधाने घडी मोडली. आतून पिवळी बटाट्याची भाजी बाहेर पडली.

तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर तिच्याहून मोठं आश्चर्य होतं.

"भिड्या," त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "तेका ठाऊकच नव्हता भुतूर काय आसता. इतकी वर्सा ह्या शहरात ऱ्हवलो. काचेतून घडीच बघल्यान नुसती." आणि बराच वेळ माझ्या एकाच जागी तेल चोळत बसली.

खरं काय ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, भायखळ्याला, आनंदीबाईच्या खानावळीत. आनंदीबाई आमच्याच बाजूची. आवाज असा की गलबतावरून किनाऱ्याला ऐकू यावा. तिच्या पंगतीतल्या गिरणीवाल्यांना घावण्यांची आठवण झाली होती, आणि तिला चाळीतल्या कोणीतरी सुगंधाचं नाव सांगितलं. एका रविवारी मला कापडात गुंडाळून सुगंधा तिकडे गेली. मागून सत्यवान, पाय ओढत. तो का पाय ओढतोय ते तिला समजेना. लग्नाआधी ह्याच खानावळीत दोन वेळ जेवत होता, असं सासू दहादा सांगून चुकली होती.

मी त्या दिवशी मोठ्या चुलीवर तापलं. काय लागलं होतं घावण! जाळी पडत होती, कड आपोआप सुटत होती. माणसं पाटावर बसून काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर एकामागून एक उडवत होती. एकजण आईच्या आठवणीने म्हणाला, "आवशीच्या हातचा वाटला." दुसरा म्हणाला, "तुझी आवस असा करी? मगे तू पळान मुंबयक इलंस कित्याक?" सगळे हसले.

सत्यवान उंबरठ्यावर उभा होता.

"ये रे बाबा, आज तरी भुतूर ये!" आनंदीबाई ओरडली. "आता बायकोच करता हा, आता तरी पंगतीक बसशीत मां?" आणि सुगंधाकडे वळून, हसत हसत, मनात काही न ठेवता, "अगो, तुझो घोव म्हंजे आमचो राखणदार. इतकी वर्सा येता, उंबऱ्यार उभो ऱ्हवता, गावची खबर इचारता, आमटीचो वास घेता, नि 'जेवान इलंय' म्हणता. माझ्या भाताचा एक शीत तेच्या पोटात गेला नाय!"

माणसं पुन्हा हसली. माझ्यावरचं घावण करपलं. सुगंधाच्या हातून करपलेलं ते पहिलंच.

परत येताना तो रस्त्यात म्हणाला, "घराकडे पैशे जावक होये होते. होडी गेलेली. मी दिवसाक दोनदा चाय-पाव खाय, आणि आयतवारी बाजारात फिरी. वासानव पोट भरता गो थोडा." मग थांबून, "आयेक सांगू नको. तिका समाजला तर ती अन्नाक शिवाची नाय."

सुगंधाने मान हलवली. बोलायची नाहीच ती. शब्द द्यायलाही तिला शब्द लागले नाहीत.

पण तिने ठरवलं. आता बघायचं नाही, खायचं. दर रविवारी एक जागा, दोघांत एक ताट. चौपाटीवर भेळ, तिखटाने नाक पुसत पुसत. भेंडीबाजारात मालपुवा, तो खाल्ल्याचं गावात कोणाला सांगायचं नाही असं ठरवून. भुलेश्वरची जिलबी. भाऊच्या धक्क्यावरचे बोंबील. ते तिने स्वतः निवडले, कोळणीशी सासूच्या सुरात भांडून. जे आवडेल ते ती घरी करून बघायची. एकदा माझ्यावर घावण घातलं, त्यात बटाट्याची भाजी ठेवली आणि घडी केली. सत्यवान घडी न मोडता ताटाकडे बघत राहिला.

"मोड," ती म्हणाली.

"ऱ्हवांदे. भुतूर काय आसा ता आज माका ठाऊक आसा."

तेवढे चार-पाच महिने. त्याच्या गालांवर जरा मांस चढलं. सदऱ्याचं वरचं बटण घट्ट होऊ लागलं. मला वाटलं, हे आता असंच चालणार. आम्हा बिडाच्या लोकांना हा दोष आहे: एकदा तापलो की थंड व्हायचं आहे हे लक्षात राहत नाही.

चैत्रात त्याला ताप आला. उतरेना. इस्पितळातल्या डॉक्टरांनी सुगंधाला विचारलं, "ह्यांच्या अंगात काही शिल्लकच नाही. इतकी वर्षं हे काय खात होते?" ती खालच्या फरशीकडे बघत राहिली, असं तिने मला सांगितलं. ते सांगताना मात्र तिच्या हातात तेल नव्हतं. मला नुसतंच धरून बसली होती.

पावसाआधीच्या बोटीने सुगंधा आणि मी, दोघंच मालवणला परत आलो.

यमुनाबाईने सुनेला घरात घेतलं, जेवायला वाढलं. नाही म्हणायचं नाही. पण मला ट्रंकेतून काढलं आणि पडवीत टाकलं. तिला वाटलं मुंबईतल्या त्या सगळ्या चैनीचं मीच मूळ. मग कोंबडी अंड्यांवर बसली तेव्हा डालग्यावर वजन म्हणून मला ठेवलं. पावसाची ओल, खालून कोंबडीची ऊब. मला गंज चढला. कोंबडी चांगली होती, तक्रार नाही; पण तिच्याशी बोलण्यासारखं काही नव्हतं.

तिथूनच मी ते वाक्य ऐकलं. आणि ऐकल्यावर रोज वाट पाहिली की सुगंधा आता बोलेल. एक वाक्य पुरलं असतं. सासूने तिला खाणारी म्हणावं आणि तिने गिळावं, हे मला बघवेना. पण मग संध्याकाळी यमुनाबाई रिकामी टोपली घेऊन येई, पाय धुई, आणि पेजेचा वाडगा पुढ्यात घेऊन म्हणे, "माझो सत्या थंय भात-आमटी खाय. पोटभर खाय." एवढ्या एका विचारावर तिच्या घशाखाली घास उतरत होता. सुगंधा तिच्याकडे बघायची आणि वाडग्यात आणखी पेज घालायची.

मी भिडं आहे, मला जास्त कळत नाही. पण तुमच्या घरचं कोणी लांब पोट भरायला गेलं असेल, तर 'जेवतंस मां?' एवढंच विचारून राहू नका. तो होच म्हणणार. जमलं तर जाऊन त्याच्या पंगतीला बसा. तो उंबऱ्यावर उभा असेल तर तुम्हाला दिसेल.

काल बोटी पुन्हा सुरू झाल्या. वखारवाल्यांनी सत्यवानाच्या जागी भावाला बोलावलंय. गुणाजी आज संध्याकाळच्या बोटीने निघणार. सकाळी सुगंधाने काही न बोलता मला डालग्यावरून उचललं, राखेने आणि नारळाच्या सोडणाने घासलं, आणि सासूदेखत चुलीवर ठेवलं. यमुनाबाई बघत राहिली. मुलगा दर्यापार चाललाय, घावणे नको कसं म्हणणार? माझी पार रया गेलेली. पहिलं घावण गेलं, दुसरंही गेलं. तिसऱ्याची एक कड कशीबशी सुटली. माझं आयुष्य आता एवढंच उरलंय: एक कड सुटते, बाकीचं धरून ठेवतं.

नाना ओटीवर ट्रंकेला दोरी बांधत होते. गुणाजी पानावर बसला. यमुनाबाई त्याच्या पिशवीत आमसुलं भरता भरता सांगू लागली. आवाज खंबीर ठेवला होता तिने.

"सत्यासारखो ऱ्हव, बाबा. जिभेचे चोचले नको. आनंदीबायच्या खानावळीत जेव, भायरचा काय तोंडात घालू नको. घराकडे धाडूचा ता आदी बाजूक काढ, मगे बाकीचा. तुझ्या भावान कधी एक महिनो चुकवल्यान नाय. तेका बघ नि तसो वाग."

"होय गे आये," गुणाजी म्हणाला. "दादासारखोच ऱ्हवतलंय."

उलथनं माझ्या कडेवर थांबलं. सुगंधाने ते खाली ठेवलं, पदराला हात पुसले, आणि उठून सासूच्या समोर उभी राहिली.

"आये," ती म्हणाली, "माका दोष देवा. जल्मभर देवा. पण तेका सत्यासारखो ऱ्हव म्हणान सांगू नकात. तुमच्या झिलान आनंदीबायच्या खानावळीत कधी एक घास खाल्ल्यान नाय. दारात उभो ऱ्हवान वास घेय, आणि पाव खावन दिवस काढी. माका सांगू नको म्हणालेलो. मी आजपावत सांगूक नाय. गुणाजी, तू आदी जेव. पोटभर जेव, आनी मगे उरला तर धाड. नाय उरला तर नको धाडू. आमका हंय पेज आसा."